बायकांचा पहिला फुटबॉल विश्वचषक १९९१चा, मग १९७१ साली मेक्सिकोच्या अझ्टेकात लाखभर लोक काय बघत होते?

कोपराकिक

मागच्या आठवड्यात एका ऑनलाइन प्रश्नमंजूषेत भाग घेतला. प्रश्न साधा होता: आंतरराष्ट्रीय फुटबॉलमध्ये सर्वाधिक गोल कुणाच्या नावावर? मी ‘क्रिस्टीन सिंक्लेअर, कॅनडा, १९०’ असं ठोकून दिलं. चूक. बरोबर उत्तर म्हणे रोनाल्डो. संयोजकांना कळवलं, तर उत्तर आलं की प्रश्न फुटबॉलबद्दल होता, महिला फुटबॉलबद्दल नव्हता. एका गुणासाठी भांडणारा मी नाही (आहे, पण ते असो). मात्र त्या उत्तराने डोक्यात जो भुंगा सोडला तो काही जाईना, म्हणून हा धागा.

आपल्यापैकी बहुतेकांच्या मनातली गोष्ट अशी असते: फुटबॉल पुरुषांचा, बायकांनी तो अलीकडे खेळायला घेतला, १९९१ साली त्यांचा पहिला विश्वचषक झाला, आत्ता कुठे बाळसं धरतंय, जरा वेळ द्या. ऐकायला समजूतदार वाटतं. पण हा खेळ उशिरा सुरू झाला हेच मुळात खोटं आहे. तो चालू होता, भरात होता, आणि भरात असताना बंद पाडला गेला.

इंग्लंडमधल्या प्रेस्टन गावात डिक, कर नावाची कंपनी होती. ट्राम आणि रेल्वेचं सामान बनवायची. पहिल्या महायुद्धात तिथे दारूगोळा बनू लागला आणि पुरुष आघाडीवर गेल्याने कामाला बायका आल्या. जेवणाच्या सुट्टीत त्या कारखान्यातल्या पुरुषांबरोबर चेंडू खेळायच्या. त्यातून संघ उभा राहिला. १९१७च्या नाताळात, २५ डिसेंबरला, डीपडेल मैदानावर त्यांचा दुसऱ्या एका कारखान्यातल्या बायकांशी सामना झाला. १०,००० लोक आले, ४-०ने जिंकल्या, आणि जखमी सैनिकांच्या इस्पितळासाठी ६०० पौंडांहून जास्त रक्कम जमली.

तीन वर्षांनी, २६ डिसेंबर १९२० रोजी, एव्हर्टन क्लबच्या गुडिसन पार्कवर डिक, करच्या बायका सेंट हेलेन्सच्या संघाशी खेळल्या. आत ५३,००० माणसं आणि तिकीट न मिळाल्याने दाराबाहेर काही हजार. जमलेली रक्कम ३,११५ पौंड. त्याच महिन्यात डीपडेलवर त्यांचा रात्रीचा सामना झाला होता. त्यासाठी युद्धात विमानं शोधायला वापरलेले प्रकाशझोत मागवले, ते वापरायची परवानगी खुद्द चर्चिलने दिली, आणि अंधारात दिसावा म्हणून चेंडू पांढऱ्या रंगाने रंगवला. १९२० साली! संघात लिली पार नावाची पंधरा वर्षांची मुलगी होती. तिचा डावा पाय असा की गोलरक्षकांनी धसका घ्यावा.

वर्षभराच्या आत, ५ डिसेंबर १९२१ला, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने ठराव केला: फुटबॉल हा खेळ स्त्रियांना अगदीच अयोग्य आहे, त्याला उत्तेजन देऊ नये. तो ठराव मागे घ्यायला सत्तरचं दशक उजाडलं. माफी मागायला २००८.

आता शीर्षकातल्या १९७१कडे. मेक्सिकोत सहा देशांची स्पर्धा झाली: मेक्सिको, अर्जेंटिना, इंग्लंड, डेन्मार्क, फ्रान्स, इटली. अंतिम सामना अझ्टेका स्टेडियमवर. डेन्मार्कने मेक्सिकोला ३-०ने हरवलं, तिन्ही गोल सुझान ऑगस्टसेनचे, वय वर्षं १५. प्रेक्षक सुमारे १,१०,०००. फिफाच्या, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेच्या, लेखी ही स्पर्धा झालीच नाही.

तुमच्यापैकी किती जणांना यातलं काही माहीत होतं? मला चाळिशीपर्यंत नव्हतं, आणि मी चौथीपासून फुटबॉल बघतोय.


निमूट

वाचनखूण साठवली. लिली पारबद्दल आणखी लिहा.


सातवी_खिडकी

लेख आवडला, निष्कर्षाशी असहमत. ५३,००० लोक आले ते युद्धानंतरच्या काळात, धर्मादाय सामन्याला, नाताळच्या सुट्टीत. त्यात नवलाई किती आणि खेळाची ओढ किती? एका दिवसाच्या गर्दीवरून ‘खेळ भरात होता’ म्हणणं घाईचं आहे. बंदी वाईटच, पण बंदी नसती तर आज दोन्ही खेळ सारखे असते हे गृहीतक मला पटत नाही. पुरुषांमध्येही कितीतरी खेळ कुणीही बंदी न घालता मेलेत.


कोपराकिक

@सातवी_खिडकी, एका दिवसाचा प्रश्न असता तर तुमचं मान्य केलं असतं. १९२१ या एका वर्षात डिक, करचा संघ साठाहून अधिक सामने खेळला, म्हणजे आठवड्याला एकाहून जास्त, आणि तेही कारखान्यातली नोकरी सांभाळून. नवलाई इतके आठवडे टिकत नाही. धर्मादायाचा मुद्दा मात्र रास्त आहे. लोक पुण्य म्हणूनही येत असणार. युद्धाच्या आठवणी विरल्यावर गर्दी ओसरली असती का? असेलही. पण तो प्रयोग अर्ध्यात मोडला, आणि ज्यांनी मोडला तेच नंतर विचारू लागले की निकाल कुठाय?

@निमूट, लिली पार जवळजवळ सहा फूट उंच. पुढे परिचारिका म्हणून नोकरी करत १९५१पर्यंत खेळत राहिली. तिच्या नावावर हजाराच्या आसपास गोल सांगतात. बंदीच्या काळात नोंदी ठेवणार कोण, त्यामुळे ‘आसपास’. १९७८ला वारली. इंग्लंडच्या राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालयाने २००२ साली तिला मानकऱ्यांच्या यादीत घेतलं, बायकांमध्ये पहिली.


जुनीवही

एक दुरुस्ती. ती महत्त्वाची आहे, कारण खरी मेख तिथेच आहे. १९२१च्या ठरावाने बायकांना खेळायला ‘बंदी’ घातली नव्हती. तो अधिकार संघटनेला नव्हताच. ठरावात आपल्या सदस्य क्लबांना सांगितलं होतं की असल्या सामन्यांना मैदान देऊ नका. नोंदणीकृत पंचांनाही त्या सामन्यांत उभं राहता येईना. झालं! कुंपण असलेलं, तिकीटखिडकी असलेलं, बसायला जागा असलेलं प्रत्येक मैदान सदस्य क्लबाचं. मग उरली रग्बीची मैदानं आणि सार्वजनिक बागा. बागेत तिकीट कसं लावणार? तिकीट नाही म्हणून पैसा नाही, पैसा नाही म्हणून प्रवास नाही, आणि मोठा सामना नाही म्हणून वार्ताहर नाही. गळा दाबावा लागला नाही, नळ बंद केला.

ठरावात दुसराही एक आरोप होता: जमलेल्या पैशातला फार मोठा भाग खर्चात जातो, धर्मादायाला पुरेसा पोचत नाही. १९२१ हे कोळसा खाणकामगारांच्या टाळेबंदीचं वर्ष. बायकांचे संघ त्या कामगारांच्या कुटुंबांसाठीही सामने खेळून पैसे उभे करत होते. सैनिकांसाठी पैसा जमवणाऱ्या बायका देशभक्त, आणि खाणकामगारांसाठी जमवू लागल्या की हिशेब दाखवा! एवढंच कारण होतं असं मी म्हणणार नाही, पण वेळ जुळते.

बायकाही गप्प बसल्या नाहीत. ठरावानंतर काही दिवसांतच त्यांनी स्वतःची संघटना काढली, पन्नासहून अधिक क्लब जमवले आणि १९२२ साली स्वतःची चषक स्पर्धा भरवली. स्टोकच्या संघाने ती जिंकली. डिक, करच्या मुली १९२२ला कॅनडाला निघाल्या, तर तिथल्या संघटनेनेही नकार दिला. मग त्या अमेरिकेत जाऊन पुरुषांच्या संघांशी खेळल्या, आणि काही सामने जिंकल्याही.


रेषेबाहेर

नळ बंद केला. वा. +१


हेलपाटे

इंग्लंडलाच का झोडायचं? पश्चिम जर्मनीच्या संघटनेने जुलै १९५५मध्ये हेच केलं. कारण असं की चेंडूसाठीच्या झटापटीत स्त्रीची शालीनता लोपते आणि शरीराला व आत्म्याला इजा होते. आत्म्याला! पुरुषांचा आत्मा १९५४ला विश्वचषक जिंकून धडधाकट होता, हे बरं. ही बंदी १९७०ला उठली.

पुढची गंमत अशी की १९८९ला त्याच जर्मनीच्या बायका युरोपच्या विजेत्या झाल्या, तेव्हा संघटनेने बक्षीस म्हणून प्रत्येकीला कॉफीचा सेट दिला. कपबश्या.

ब्राझीलमध्ये तर सरळ कायदाच होता. १९४१च्या हुकूमनाम्याने स्त्रियांना ‘त्यांच्या प्रकृतीला न मानवणारे’ खेळ निषिद्ध ठरले. १९६५ला फुटबॉलचं नाव घालून तो आणखी पक्का केला. उठला १९७९ला. म्हणजे पेले तीन विश्वचषक जिंकला त्या अख्ख्या काळात त्याच्या देशातल्या मुलींना तो खेळ कायद्याने वर्ज्य होता. आणि त्याच देशातून मार्ता आली! विश्वचषकांत तिचे १७ गोल, पुरुषांच्या विश्वचषकांत जर्मनीच्या मिरोस्लाव्ह क्लोजचे १६.


सातवी_खिडकी

@जुनीवही, मैदानांचा मुद्दा मला माहीत नव्हता. तेवढ्यापुरती माघार.

पण १९७१च्या स्पर्धेबद्दल विचारतो. ती एका दारू कंपनीच्या प्रायोजकत्वावर चाललेली खासगी स्पर्धा होती ना? गोलखांब गुलाबी रंगवले होते असं वाचलंय. सहा संघ. अशा स्पर्धेला फिफाने विश्वचषक का म्हणावं? उद्या मीही चार संघ जमवून काहीही नाव देईन.


कोपराकिक

गुलाबी गोलखांब खरे आहेत. प्रायोजकही खरा. आयोजकांना पैसा करायचा होता, आणि त्यांनी तो करण्यासाठी बराच थिल्लरपणाही केला.

पण १९९१ची स्पर्धा झाली तेव्हा फिफानेही तिला विश्वचषक म्हटलं नव्हतं. अधिकृत नाव होतं ‘एम अँड एम्स चषकासाठी पहिली फिफा महिला फुटबॉल जागतिक अजिंक्यपद स्पर्धा’. हो, त्या चॉकलेटच्या गोळ्या. आणि सामने ९० मिनिटांचे नाहीत, ८० मिनिटांचे. विश्वचषक हे नाव मागाहून लागलं. म्हणजे गोड गोळ्यांच्या चषकाला मागाहून बढती मिळते, दारू कंपनीच्या चषकाला मिळत नाही. फरक एवढाच की पहिला फिफाने भरवला होता.

आणि @जुनीवही यांनी सांगितलेला मैदानाचा खेळ मेक्सिकोतही झाला. तिथल्या संघटनेने क्लबांना दटावलं की मैदानं द्याल तर दंड करू. आयोजक अझ्टेका आणि ग्वादालाहाराच्या हालिस्कोवर गेले, कारण ती खासगी मालकीची होती. योगायोग असा की ती देशातली सगळ्यात मोठी मैदानं होती. नळ बंद करायला गेले आणि धरण फुटलं.


जुनीवही

१९७१च्या संघांचं पुढे काय झालं तेही लिहायला हवं.

अर्जेंटिनाच्या मुली प्रशिक्षक, डॉक्टर, कुणीही बरोबर नसताना मेक्सिकोला पोचल्या. इंग्लंडला ४-१ने हरवलं, चारही गोल एल्बा सेल्वाचे. तारीख २१ ऑगस्ट. आज अर्जेंटिनात तो दिवस महिला फुटबॉलपटूंचा दिवस म्हणून साजरा होतो. पण त्या परतल्या तेव्हा कुणी दखल घेतली नव्हती.

इंग्लंडच्या संघात तेरा वर्षांची लिया कॅलेब होती. मेक्सिकोत रस्त्यावर त्यांना गराडा पडायचा, लोक सह्या मागायचे. मायदेशी आल्यावर व्यवस्थापक हॅरी बॅटवर बंदी, खेळाडूंवरही काही काळ बंदी. मुलींनी तो विषयच मिटवून टाकला. इंग्लंडचा ‘पहिला अधिकृत’ महिला सामना म्हणून १९७२चा स्कॉटलंडविरुद्धचा सामना नोंदला गेला. पन्नाशी-साठी उलटल्यावर त्या बायका पुन्हा एकमेकींना भेटल्या.

मला या प्रकरणात गप्प बसणं जास्त बोचतं. एक लाख लोकांसमोर खेळलेली मुलगी घरी येऊन शाळेत जाते आणि पुढची चाळीस-पन्नास वर्षं बोलत नाही, कारण बोलली तर कुणाला पटणार? पुरावा म्हणून दाखवायला अधिकृत पुस्तकात एक ओळही नाही.


अर्धवेळ_संशोधक

माझा थोडा अभ्यास एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाचा आहे. तिथे नोंदी आहेत, पण वाचायला वेगळा चष्मा लागतो. २३ मार्च १८९५ला लंडनच्या क्राउच एंडला ‘ब्रिटिश लेडीज फुटबॉल क्लब’चा पहिला जाहीर सामना झाला, उत्तर विरुद्ध दक्षिण, ७-१. हजारोंनी लोक आले. दुसऱ्या दिवशीचे वृत्तांत वाचले तर कुणी काय घातलं होतं हे कळतं, चौथा गोल कसा झाला हे कळत नाही. टोप्या, विजारी, केस. खेळाचं वर्णन शोधत बसावं लागतं.

दुसरी अडचण नावांची. क्लबची संस्थापक म्हणून नेटी हनीबॉल हे नाव येतं, आणि ते टोपणनाव असावं असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्याआधी १८८१ला एडिनबरा आणि ग्लासगोत ‘स्कॉटलंड विरुद्ध इंग्लंड’ असे बायकांचे सामने झाले. ग्लासगोत जमाव मैदानात घुसला आणि खेळ थांबवावा लागला. अशा वातावरणात कोण खरं नाव देईल? पुरुष खेळाडूचं नाव जनगणनेत, चर्चच्या वहीत, क्लबच्या हिशेबात जुळवून त्याचं अख्खं आयुष्य उभं करता येतं. टोपणनावाने खेळून लग्नानंतर आडनाव बदललेली बाई कुठे शोधणार? अदृश्यता म्हणतात ती कधीकधी इतकी कारकुनी असते.


चांदणेवेळ

आशियाचं कुणी लिहीलच म्हणून थांबले होते, कुणी लिहीना. फिफा ‘पुढे बघू’ म्हणत होती तेव्हा आशियातल्या बायकांनी १९६८मध्ये स्वतःचा महासंघ काढला आणि १९७५ला हाँगकाँगमध्ये आशियाई स्पर्धा भरवली (जिंकली न्यूझीलंडने, भूगोल माफ करा). भारत यात दोनदा अंतिम सामन्यात होता: जानेवारी १९८०ला कालिकतमध्ये चिनी तैपेईकडून (म्हणजे तैवानकडून) हरलो, १९८३ला बँकॉकमध्ये थायलंडकडून. १९८३ला शांती मल्लिकला अर्जुन पुरस्कार मिळाला, महिला फुटबॉलपटूंमध्ये पहिला. आणि २०२५ला भारत थायलंडला २-१ने हरवून आशियाई चषकाला पात्र ठरला तेव्हा किती तरी जणांना वाटलं की हे सगळं पहिल्यांदाच घडतंय. पात्रता फेरीतून, हो, पहिल्यांदा. बाकी नाही.


सातवी_खिडकी

सलग तीन प्रतिसादांत मार खाऊनही एक प्रश्न उरतो: आजचं काय? आज बंदी नाही. तरी पैसा आणि प्रक्षेपण कमी, कारण मागणी कमी. २०२३च्या विश्वचषकाची बक्षिसं ११ कोटी डॉलर, त्याआधीच्या पुरुषांच्या स्पर्धेची ४४ कोटी. प्रेक्षक ठरवतात.


रेषेबाहेर

प्रेक्षक काय ठरवतील ते त्यांना काय दाखवलं यावर ठरतं हो.

२०२३ला फिफाचे अध्यक्ष युरोपातल्या वाहिन्यांवर भडकले होते. पुरुषांच्या विश्वचषकाला १० ते २० कोटी डॉलर मोजता आणि बायकांसाठी १० लाख ते १ कोटीच देऊ करता, मग आम्ही दाखवूच देणार नाही, असा धाक घातला. शेवटी सौदा झाला. पण गोम अशी की त्याआधी वर्षानुवर्षं फिफा स्वतःच बायकांच्या स्पर्धेचे हक्क पुरुषांच्या हक्कांबरोबर जोडून देत होती, भाजीवर कोथिंबीर दिल्यासारखे. वेगळे विकायला काढले ते २०२३लाच. फुकट दिलेल्या वस्तूची किंमत गिऱ्हाईक कशी ठरवणार?

उलट जिथे मोठं मैदान उघडलं तिथे लोक आले. एप्रिल २०२२, बायकांचा बार्सिलोना विरुद्ध वोल्फ्सबुर्ग सामना, काम्प नोऊ मैदान, प्रेक्षक ९१,६४८. त्याच वर्षी युरोपीय स्पर्धेचा अंतिम सामना, वेम्ब्ली, ८७,१९२. २०२३चा विश्वचषक मैदानात जाऊन बघणारे जवळपास २० लाख.


सातवी_खिडकी

कोथिंबीर मान्य. पण ते सणासुदीचे सामने झाले. साध्या लीग सामन्यांना त्याच क्लबांची छोटी मैदानंही भरत नाहीत, हे तुम्हीही जाणता. माझा आक्षेप द्वेषातून नाही. मी आकडे बघतो.


कोपराकिक

जाणतो, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पुरुषांच्या क्लबांचे प्रेक्षक शंभर वर्षांत वडिलांकडून मुलाकडे आले. इथे मधली पन्नास वर्षं कापलेली आहेत, आजी प्रेक्षक नव्हती म्हणून नातही नाही. ते दहा वर्षांत भरून येणार नाही. माझं म्हणणं एवढंच की आजच्या रिकाम्या खुर्च्या दाखवताना खुर्च्या कुणी उचलून नेल्या होत्या तेही सांगा.


चांदणेवेळ

अवांतर: १९९९च्या बायकांच्या विश्वचषकाच्या अमेरिका-चीन अंतिम सामन्याला अमेरिकेतल्या रोझ बोल मैदानावर ९०,१८५ लोक होते, आणि जगाला आठवतं काय, तर ब्रँडी चॅस्टेनने पेनल्टीनंतर जर्सी काढली तो फोटो. चीनची पेनल्टी अडवणारी गोलरक्षक ब्रियाना स्करी किती जणांना आठवते? २०१८ला बायकांसाठीचा पहिला बॅलन डी’ओर (वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार) नॉर्वेच्या आडा हेगरबर्गला मिळाला, तेव्हा मंचावर तिला विचारलं गेलं, कंबर हलवून नाचता येतं का. ती ‘नाही’ म्हणून वळली. दिसण्याचेही प्रकार असतात. @अर्धवेळ_संशोधक यांच्या १८९५च्या टोप्या-विजारी अजून चालू आहेत.


हेलपाटे

अवांतरात भर: फुटबॉलच्या त्या प्रसिद्ध व्हिडिओ गेममध्ये बायकांचे संघ २०१५ला आले, फक्त बारा. माझी भाची तोवर पुरुषांचे संघ घेऊन खेळायची आणि प्रत्येक खेळाडूला मनातल्या मनात मुलीचं नाव द्यायची. आता तिला ते करावं लागत नाही, तर म्हणते मजा गेली. काय बोलणार!


निमूट

अफगाणिस्तानचा उल्लेख राहू नये. तिथल्या खेळाडूंना २०२१नंतर देश सोडावा लागला. परदेशात आसरा घेतलेल्या खेळाडूंचा संघ फिफाने मान्य करायला २०२५ उजाडलं. १९२१चा ठराव वाचून आपण हसतो, पण ते अजून संपलेलं नाही.


कोपराकिक

सगळ्यांचे आभार, विशेषतः @सातवी_खिडकी यांचे, एकटे असून मैदान सोडलं नाही म्हणून.

ताजी खबर: त्या प्रश्नमंजूषेच्या संयोजकांना हा धागा पाठवला होता. आज उत्तर आलं. पुढच्या वेळी प्रश्नात ‘पुरुषांच्या’ हा शब्द घालणार आहेत.


सातवी_खिडकी

आणि गुण?


कोपराकिक

नाही दिला.